बाहेरच्या शेगडीवरचं अंडं

अंडं उलटायचं नाही, हे शिकायला मला चार दिवस लागले. आमच्याकडं अंडं म्हणजे वाटीत फेटायचं, कांदा, मिरची, मीठ आणि चिमूटभर हळद टाकायची आणि पोळीसारखं दोन्ही बाजूंनी भाजायचं. पिवळं कच्चं राहिलेलं अंडं कुणाला वाढलं तर वाढणाऱ्या बाईची लाज जाते. आबांना मात्र तसंच पाहिजे होतं, पिवळं हलणारं.

आखाडा बाळापुरात रोडपासून जरा आत एका मोठ्या घरी मी सहा वर्षांपासून भांडी घासायला आणि अंगण झाडायला जाते. घरात तीन माणसं. आबा म्हणजे घरातले म्हातारे, शाळेत मास्तर होते. त्यांचा मोठा मुलगा शेती आणि हळदीचं बघतो, त्याला मी भाऊ म्हणते. आणि भाऊंची बायको, वहिनी. वहिनी माझ्याच वयाच्या आहेत, पण त्या मला मावशी म्हणतात. आबांचा धाकटा मुलगा व्हिएतनाम देशात एका कंपनीत कामाला आहे. आजी होत्या, त्या मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी वारल्या.

आजी गेल्यापासून आबांचं जेवण तुटलं. ताट जसंच्या तसं माझ्याकडं घासायला यायचं. अर्धी भाकरी, वरणावर साय धरलेली. घरात कोण किती जेवलं हे भांडी घासणाऱ्या बाईला सगळ्यांच्या आधी कळतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी ते बाथरूमजवळ चक्कर येऊन बसले, तेव्हा डॉक्टरनं सांगितलं, रोज दोन अंडी द्या.

वहिनी माळकरी. लग्नाआधीपासून त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. घरात अंडं, मटण कधी आलं नाही. भाऊ रोडवरच्या ढाब्यावर सगळं खातात हे गावाला माहीत आहे, वहिनींनाही माहीत आहे, पण ते उंबऱ्याच्या बाहेरचं. भाऊंनी गाड्यावरून उकडलेली अंडी कागदात बांधून आणली. आबांनी एक घास घेतला आणि कागद बाजूला सारला.

"हे दवाखान्यातलं खाणं हाय. मला तिकडलं पाहिजे. ओप्ला."

धाकट्यानं आबांना आणि आजींना दोन महिने तिकडं नेलं होतं. रोज सकाळी घराजवळच्या कोपऱ्यावर एका बाईच्या गाड्यावर जाऊन दोघं ते खायचे. लहानशा लोखंडी तव्यात दोन अंडी, वर काळा सॉस, सोबत लांब कडक पाव. आजींनी तिथल्या बाजारातून तसले दोन तवे विकतही आणले होते. ते माळ्यावर पोत्यात तसेच पडलेले होते.

दुसऱ्या दिवशी मी भांडी घासत होते तिथं वहिनी आल्या. घासायची जागा मागच्या अंगणात आहे, नळाजवळ, एका दगडावर.

"मावशी, तुमच्यात अंडं चालतं ना?"

"चालतं."

"मग आबाला रोज करून देत जा की. मला हात लावता येत न्हाई, तुमाला तर म्हाईतच हाय. इथं बाहेर करा. लहान शेगडी हाय, ती काढून देते. अंडं तेवढं घरात आणू नका."

मी मान हलवली. मला पटकन काही बोलता येत नाही. चौथीत होते तेव्हाही बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर येत असूनही मी खाली बघायची. पुढं शाळाच सुटली, तेव्हा सगळ्यात आधी मला बरं वाटलं होतं की आता कुणी उभं करणार नाही. म्हणूनच हे सगळं मी पोरीच्या जुन्या वहीतल्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवते आहे. तोंडानं कुणाला सांगितलं नसतं.

वहिनींनी शेगडी दिली, माळ्यावरच्या पोत्यातला एक तवा दिला, एक ताटली, एक चमचा, तेलाची बाटली. म्हणाल्या, हे सगळं इथंच ठेवत जा. बाथरूमच्या भिंतीला बाहेरून एक फळी आहे. त्या फळीवर माझा चहाचा स्टीलचा ग्लास असतो. सहा वर्षं रोज वहिनी आतून चहा आणतात, वरून माझ्या ग्लासात ओततात, मी पिते, ग्लास धुते आणि फळीवर उपडा घालते. त्या दिवशी मी अंड्याचा तवा धुऊन त्याच फळीवर ठेवला. ताटली ठेवली. चमचा ठेवला. आणि मग माझा ग्लास त्यांच्या शेजारी दिसला.

सहा वर्षांत मला तो ग्लास कधी दिसला नव्हता. म्हणजे रोज दिसत होता, पण असा नाही. घरात न न्यायच्या वस्तूंची ती फळी होती.

आम्ही बौद्ध. हे त्या घरात कुणी कधी तोंडातून काढलं नाही. मला कुणी म्हटलं नाही की आत येऊ नको. मीच कधी गेले नाही. पहिल्या दिवशी मागच्या दारानं आले आणि मागच्याच दारानं येत राहिले. वहिनी मनानं वाईट नाहीत. माझ्या पोरीला ताप डोक्यात गेला होता तेव्हा त्यांनी स्वतः स्कुटीवर बसवून कळमनुरीला दवाखान्यात नेलं, मागं मी पोरीला धरून. माझा हात त्यांच्या खांद्यावर होता. तेव्हा त्या दचकल्या नाहीत. म्हणून मी त्या दिवशी मनाला समजावलं की तवा अंड्याचा आहे म्हणून बाहेर, आणि ग्लास, तू बाहेर काम करतेस म्हणून बाहेर.

पहिल्या दिवशी मी आमच्या पद्धतीचं केलं, हळद घालून. आबांनी पायरीवर बसून बघितलं आणि म्हणाले, "हळद काहून टाकली? आपलं हळदीचं गाव हाय म्हणून प्रत्येकात टाकायची का?" खाल्लं मात्र नाही. दुसऱ्या दिवशी हळद नाही टाकली, पण उलटलं. तिसऱ्या दिवशी उलटलं नाही, पण वरचं पांढरं पाण्यासारखं राहिलं आणि माझाच जीव घाबरला. म्हाताऱ्या माणसाला माझ्या हातचं कच्चं खाऊन काही झालं तर? मग अंड्याला कुणी बोलणार नव्हतं. मी गुपचूप चमच्यानं पिवळं फोडलं आणि सारखं केलं. आबांनी ते बघितलं.

"तू मास्तर असती तर सगळ्या पोरांला सारखंच मार्क दिले असते," ते म्हणाले. "ये इकडं. बस. दाखवतो."

त्यांनी मोबाईल काढला. चष्मा लावून बराच वेळ शोधलं. मग व्हिडिओत मला आजी दिसल्या. लहान पोरांच्या शाळेत असतो तसल्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर आजी बसलेल्या, साडीवर स्वेटर, पाय लांब केलेले. मागं रस्त्यावर गाड्याच गाड्या चाललेल्या. गाड्यावरची बाई तव्यात तेल टाकते, तेल तापलं की कांद्याच्या पातळ चकत्या, त्यावर दोन अंडी फोडते, अलगद, हात अगदी तव्याजवळ नेऊन. मग वर झाकण. बोटं मोजावीत इतका वेळ. झाकण काढलं की पांढरं धरलेलं आणि पिवळ्यावर दुधासारखा पातळ पडदा. त्यावर काळ्या सॉसचे चार थेंब, मिरेपूड, कोथिंबीर, मिरचीचे तुकडे. तवा तसाच आजींच्या पुढं. आजींनी पाव मोडला, त्याचा कुरकुर आवाज मोबाईलमध्येही आला, आणि पिवळ्यात बुडवला.

मी आबांकडं बघितलं. आजी वहिनींपेक्षा कडक माळकरी होत्या. कांदा सोवळ्यात चालतो की नाही यावर त्यांनी वहिनींना रडवलेलं मी ऐकलं आहे.

"तिथं गेल्यावर पहिल्या आठवड्यात नुसता भात खायची," आबा हळू म्हणाले. "मग एक दिवस माझ्यातला तुकडा मोडून घेतला. म्हणली, इथं कोण बघून राहिलं. आन घरी सांगितलं तर बघा." त्यांनी मोबाईल बंद केला. "तू बी सांगू नको."

मी नाही सांगितलं.

"तिथं कोपऱ्या-कोपऱ्यावर बुद्धाची मंदिरं हायेत," आबा मग मोठ्यानं म्हणाले, विषय बदलायला. "सगळे तुमचेच लोकं. तू गेली असती तर तुला पाटावर बसवलं असतं."

त्यांनी गमतीनं म्हटलं. मी पण हसले. घरी चालत जाताना ते वाक्य चपलेत खडा शिरल्यासारखं टोचत राहिलं.

काळा सॉस मी बसस्टँडजवळच्या चायनीजच्या गाडीवाल्याकडून बाटलीच्या टोपणात मागून आणला, नंतर भाऊंनी आख्खी बाटली आणली. पावाचं जमत नव्हतं. बेकरीत लादी पाव मिळतो, मऊ, तो पिवळ्यात बुडवला की लगदा. मी घरी करून बघितलं. पाव उभा चिरायचा, वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि कोरड्या तव्यावर मंद आचेवर दाबून ठेवायचा. कड कडक होते, आत मऊ राहतो. माझी पोरगी बघत बसली होती. ती बारावीला आहे, तिची जीभ माझ्यासारखी नाही.

"आई, तू तर अंड्याची स्पेशालिस्ट झाली."

"गप बस. खाऊन बघ."

तिनं खाल्लं. म्हणाली, "भारी हाय." मग बोट चाटत विचारलं, "कुठं करती हे? त्यांच्या किचनमध्ये?"

"बाहेर. अंडं घरात चालत न्हाई त्यांला."

"आन तू?"

मी तवा घासायला घेतला. ती म्हणाली, "मी नुसतं विचारून राहिले." त्यानंतर तिनं विचारलं नाही, पण मलाच ते सुटेना. मला एकच गोष्ट कळायला पाहिजे होती. त्या दाराच्या आत काय चालत नाही, अंडं की मी. अंडं असेल तर माझी काहीच तक्रार नाही. ज्याचा त्याचा धर्म. मी असेन, तर सहा वर्षं मी काय समजून चहा पीत होते?

पाचव्या दिवसापासून आबा खायला लागले. रोज सकाळी आठ वाजता पायरीवर येऊन बसायचे, तवा गुडघ्यावर पेपर टाकून त्यावर घ्यायचे आणि पाव मोडायचे. पहिला घास घेताना डोळे मिटायचे. दोन अंडी, दोन पाव. हळूहळू दुपारचं ताटही रिकामं यायला लागलं. वहिनी मागच्या दारातून बघायच्या आणि मला म्हणायच्या, "तुमच्या हाताला यश हाय मावशी. मी कितीदा म्हणलं त्यांला जेवा, जेवा." हे त्या मनापासून म्हणायच्या, ते मला दिसायचं. म्हणूनच जास्त कोडं पडायचं.

मार्चच्या शेवटी शेवटी हळद शिजवून झाली होती. गच्चीवर, समोरच्या अंगणात, जागा मिळंल तिथं हळद वाळत टाकलेली. एका सकाळी मी शेगडी पेटवली, तेल टाकलं आणि एकदम वारा सुटला. अवकाळीचा टपोरा पाऊस. भिजलेली हळद काळी पडते, तिला मोंढ्यात एकही व्यापारी विचारत नाही. भाऊ आणि वहिनी ताडपत्री घेऊन गच्चीवर पळाले. समोरच्या अंगणातली मी ओढून झाकली. परत आले तर शेगडी विझलेली, तव्यात पाणी, आबा दारात उभे.

"आत ये. आतल्या गॅसवर कर."

मी पावसातच उभी राहिले.

"ये ना. भिजून काहून राहिली?"

"न्हाई आबा. पाऊस थांबू द्या."

"तुला कोणी सांगितलं का आत येऊ नको म्हणून?"

मी आठवलं. खरंच कुणी सांगितलं नव्हतं. अंड्याचं सांगितलं होतं. माझ्याबद्दल एक शब्द नाही. मी तसं म्हणाले, "कोणी न्हाई सांगितलं."

"मग?"

मी पायरी चढले. तवा पदराला पुसला आणि आत गेले. सहा वर्षांत पहिल्यांदा ते स्वयंपाकघर मी आतून बघितलं. डब्यांची रांग, ज्यातला प्रत्येक डबा मी घासला आहे, पण कुठं बसतो ते मला माहीत नव्हतं. कोपऱ्यात माठ. भिंतीला लहानसं देवघर. माझे पाय ओले होते, फरशीवर ठसे उमटले. मी घाईनं तेल टाकलं, कांदा टाकला, अंडी फोडली. त्यात एक पिवळं फुटलं. झाकण ठेवलं आणि वहिनी ओल्या साडीनं दारात आल्या.

त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. आबांना म्हणाल्या, "आबा, अंडं? घरात?"

"बाहेर पाऊस चालू हाय."

"देव हाय घरात."

"असू दे ना. त्याला वास आला तर त्यो नाक धरंल."

"तुमाला गंमत सुचून राहिली. आत्याबाई असत्या तर चाललं असतं का हे?"

आबांचं तोंड उघडलं. मला वाटलं आता ते बोलणार. मग ते मिटलं. माझ्याकडं बघितलं, आणि मी खाली बघितलं. आजींचा फोटो पलीकडच्या खोलीत होता, हार घातलेला.

वहिनी मला म्हणाल्या, "सांगितलं होतं ना मावशी, अंडं घरात आणू नका म्हणून." आवाज चढवला नाही. फक्त अंड्याचंच बोलल्या. मी तवा उचलला आणि बाहेर आले. आबा माझ्या मागं आले आणि पडवीत उभ्या उभ्या त्यांनी ते खाल्लं, फुटलेल्या पिवळ्यासकट.

नंतर मी दगडावर बसले असताना आतून पाण्याचा आवाज येत होता. वहिनी फरशी धूत होत्या. ओटा धूत होत्या. ते बरोबर होतं, अंडं शिजलं होतं तिथं. मग त्यांनी माठ बाहेर आणला आणि त्यातलं सगळं पाणी अंगणात ओतलं. सकाळीच भरलेला, काठोकाठ. माठ ओट्यापासून लांब, दुसऱ्या कोपऱ्यात होता. त्याच्या बाजूनं अंडं गेलं नव्हतं. त्याच्या बाजूनं मी गेले होते. पण वास पाण्याला लागतो असंही म्हणतात. मी दोन्हीकडून विचार केला आणि दोन्हीकडून तेवढाच बरोबर वाटला.

चार दिवसांनी भाऊंनी माणूस आणून शेगडीच्या जागेवर नवं पत्र्याचं छप्पर ठोकून घेतलं. वहिनी हसून म्हणाल्या, "घ्या मावशी. आता कितीबी पाऊस येऊ द्या, तुमी भिजत न्हाई." मी पण हसले. पत्रा चांगला होता, जाड. आमच्या घरावरच्या पत्र्यापेक्षा चांगला. त्याच्याखाली उभं राहून मी रोज अंडी करत राहिले, आणि रोज वाटायचं की हा माझ्यासाठी ठोकला की माझ्यापासून.

पोरीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, विचारून टाक. पण असं काही विचारता येतं का? 'वहिनी, तुमी माठ कशाने बाटला म्हणून ओतला?' माझ्याच्यानं कसं होणार. मी दुसरं ठरवलं. अंडं बाजूला काढायचं आणि मग बघायचं.

तशी वेळ मे महिन्यात आली. आबांना डोळे दाखवायला भाऊ नांदेडला घेऊन गेले होते, पहाटेच. म्हणजे त्या दिवशी अंडं नव्हतं. मी सकाळी अंघोळ करून, धुतलेली साडी नेसून आले होते. वहिनींना कणकण होती. मागच्या खोलीत पलंगावर पडून होत्या, दार उघडं. त्यांनी मला चहा आणला नव्हता, त्यांनी स्वतःसुद्धा घेतला नव्हता. मी नळावर साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत. त्या बघत होत्या. मग मी दारापाशी जाऊन विचारलं. आयुष्यात मी जेवढे प्रश्न विचारले असतील त्यात हा सगळ्यात जड होता.

"वहिनी, च्या करून देऊ का तुमाला?"

त्या जरा वेळ वर पंख्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "करा."

मी आत गेले. पाय कोरडे होते. आलं ठेचलं, साखर कमी टाकली, त्या कमी घेतात ते मला आबांच्या बोलण्यातून माहीत होतं. दूध उतू जाऊ दिलं नाही. फुलांचा कप घेतला, त्यांचा रोजचा, मीच तो रोज घासते. पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवला. माझ्या मनात काय चाललं होतं ते इथं लिहायला लाज वाटते. मी मनात म्हणत होते, एक घोट घ्या. माझ्या समोर एकच घोट घ्या. मग मी जन्मभर पत्र्याखाली अंडी करीन.

"ठेवा," वहिनी म्हणाल्या. "गरम हाय. बस करा आता, जा, तुमचं काम पडलं असंल."

मी बाहेर येऊन दगडावर बसले. आमच्या त्या दगडाशेजारून स्वयंपाकघराच्या मोरीचा पाईप निघतो. आत कुणी तांदूळ धुतला तरी मला बाहेर कळतं. थोड्या वेळानं आत पावलं वाजली, नळ सुटला आणि पाईपातून पाणी आलं. आधी तपकिरी, दाट, त्याच्यावर सायीची एक चिंधी. आल्याचा वास आला. माझ्या पायाजवळून ते वाहत गटाराकडं गेलं. मग स्वच्छ पाणी आलं.

नंतर वहिनींनी टोपलीत भांडी आणून ठेवली. रात्रीचा कुकर, ताटं, चहाचं पातेलं, सगळी खरकटी. त्यात तो कप होता, धुतलेला. सहा वर्षांत त्या घरातून एकही भांडं माझ्याकडं धुतलेलं आलं नव्हतं.

"बरं वाटलं का वहिनी?" मी विचारलं.

"हो. बरं वाटलं च्यानं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

तापानं तोंड कडू झालं असेल, असं मी कप हातात धरून म्हणून बघितलं. उलटीसारखं वाटत असेल. पण तसं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, मावशी, जाईना हो. मी म्हणाले असते, राहू द्या. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. मी तो कप पुन्हा घासला, कारण टोपलीत आलेलं घासायचं हे माझं काम आहे, आणि घरी गेले. पोरीला काही बोलले नाही. नवऱ्यालाही नाही. त्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, काम सोड. मग आबांचं काय, आणि दुसऱ्या कुठल्या घराचं मागचं दार यापेक्षा वेगळं असणार होतं?

पण एक माझ्या हातात होतं. मी घासलेली भांडी आत नेताना वहिनी त्यांच्यावर पाणी ओतून घेतात, ते ठीक. पण अंड्याला चालतो म्हणून बाहेर उभा केलेला आणि आत चालत नाही म्हणून ज्याचा चहा मोरीत ओतला जातो, असा एकच हात मला ठेवायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी आबा नांदेडच्या डॉक्टरनं दिलेला काळा चष्मा लावून पायरीवर येऊन बसले. मी शेगडी पेटवली, तवा ठेवला, आणि अंडी त्यांच्या हातात दिली.

"आबा, आजपासून तुमी टाका. मी सांगते."

"काहून? हाताला लागलं का?"

"न्हाई."

"मला येत न्हाई."

"मला बी येत नव्हतं. तुमीच शिकवलं."

त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडं बघितलं. मग मागच्या दाराकडं बघितलं, मग पुन्हा माझ्याकडं. मास्तर होते, पोरांची तोंडं वाचायची सवय असेल. उठले आणि पत्र्याखाली आले. मी सांगत होते, तेल तापू द्या, कांदा आता, हात खाली न्या, अजून खाली. पहिलं अंडं त्यांनी कडेवर इतक्या जोरात आपटलं की अर्धं शेगडीवर सांडलं. दुसरं तव्यात पडलं, पिवळं फुटलं. माझा हात आपोआप चमच्याकडं गेला. मी तो मागं घेऊन पदरात धरला.

आवाज ऐकून वहिनी दारात आल्या.

"आबा! तुमी कशाला? पोळून घेताल. मावशी हायेत ना."

आबा झाकण हातात घेऊन थांबले. मग बोलले ती मी होते, आणि खाली न बघता.

"मी भांड्याला हाय वहिनी. तेवढं करते."

वहिनींचा चेहरा आधी न समजल्यासारखा झाला. मग त्यांची नजर पाईपाकडं गेली, की मला तसं वाटलं, मला खात्रीनं लिहिता येणार नाही. त्या आत गेल्या. दार मात्र लोटलं नाही.

"झाकण किती वेळ?" आबांनी विचारलं.

"दहापर्यंत मोजा."

ते मोठ्यानं मोजायला लागले, वर्गात मोजावं तसं. सातला त्यांना धीर धरवला नाही, झाकण काढलं. वरचं पांढरं कच्चंच होतं. त्यांनी तसंच पायरीवर नेलं, पाव मोडला आणि खाल्लं. सगळं नाही, अर्ध्याच्या वर खाल्लं. मी तवा कधी रिकामा होतो त्याची वाट बघत दगडावर बसून होते.